पुकारलेली बिदागी

"वाजव," साहेब म्हणाला.

टॅक्सची कचेरी. भर दुपार. साहेब गोरा नव्हता. आमच्यातलाच, काशीत जन्मलेला मराठी माणूस. त्याच्या घरी कार्य निघालं की माझीच सनई लागायची. कचेरीत मात्र मी चपला बाहेर काढून त्याच्या टेबलापुढं उभा होतो. म्युनिसिपालिटीनं माझ्या धंद्यावर टॅक्स बसवला होता. एवढी माझी कमाई नाही, एवढंच मी म्हणालो होतो.

"गरीब आहेस ना? मग वाजव. ऐकून ठरवू, किती कमावतोस ते."

कारकून हसले. मी वाजवलं. उभ्यानं. तोंड कोरडं पडलेलं, सनईच्या तोंडाची पत्ती ओली होईना. सूर फाटला. ते आणखी हसले. वाजवून झाल्यावर साहेबानं कागद पुढं सरकवला. आकडा तोच होता.

तो आकडा आला कुठून, ते सांगतो.

अहिल्याबाई घाटाच्या वर रावसाहेबांचं घर. इथल्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मी वाजवलं. भर मांडवात त्यांनी पुकारलं, "सनईवाल्याला एकशे एक रुपये." लोकांनी वाहवा केली. मला कारभाऱ्याच्या हातून पाकीट मिळालं. आत एकवीस. त्यातलेही दोन कारभाऱ्यानं दस्तुरी म्हणून काढून घेतले. उरलेल्यात मागं सूर धरणारा जोडीदार, दुक्कडाचे छोटे नगारे वाजवणारे रहमतचाचा, एक्कागाडीचं भाडं. शिवाय पांढरे कपडे, कारण मळक्या कपड्यांत मांडवात बसू देत नाहीत. जेवण तेवढं फुकट. तेही सगळ्या पंगती उठल्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी.

घरी जे आलं ते बायकोच्या मुठीत मावलं.

साहेब त्या लग्नात पहिल्या पंगतीला होता. त्यानं कानांनी जे ऐकलं, ते माझं उत्पन्न ठरलं. आणि असं पुकारणारे रावसाहेब एकटे नव्हते. सगळीच मोठी घरं पुकारायची.

मी रावसाहेबांकडं गेलो. ते गंगेवरून स्नान करून येत होते. म्हणालो, "कचेरीत खरं काय दिलं तेवढं सांगा."

"म्हणजे एकवीसच दिले, असं मी कबूल करू? माझ्या अब्रूचं काय? टॅक्स भर की. मोठा कलावंत झालास." दोन पायऱ्या चढून परत वळले. "धाकटीचं लग्न काढलंय. तूच यायचंस."

मी बरं म्हणालो. नाही म्हटलं असतं तर सगळ्या घरांची दारं बंद. हो म्हटलं, तर पुढच्या साली टॅक्स आणखी. वाजवलं तरी मार, नाही वाजवलं तरी मार.

टॅक्स थकला. जप्तीवाले आले आणि पाण्याचा तांब्याचा हंडा उचलून घेऊन गेले. बायको इथंच वाढलेली, तिची मराठी अर्धी हिंदी. ती म्हणाली, "तुम्ही त्यांची इज्जत वाजवता, आणि किराया आपल्याकडून वसूल होतो." मग शेजारणीकडं मटका मागायला गेली.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

धाकटीचं लग्न. तोच मांडव. वरात दाराशी आलेली. रावसाहेबांनी पाकीट स्वतः माझ्या हातात दिलं आणि पुकारलं, "एकशे एक."

मी सनई मांडीवर ठेवली. पाकीट उघडलं.

"रावसाहेब, हे एकवीस आहेत."

मांडवातल्या माना माझ्याकडं वळल्या.

"वरचे ऐंशी द्या. नाहीतर एकवीस म्हणा. टॅक्सचे साहेब समोरच बसलेत."

साहेब बोटातली अंगठी फिरवत राहिला. रावसाहेब म्हणाले, "वाजंत्र्याला तोंड फुटलं का रे?" भटजी पुढं झाले, "अरे, मुहूर्त टळतोय. आधी वाजव, मग भांड."

मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी मला दिसलं. माझ्या बापालाही असंच पुकारलं असणार. त्याच्याही बापाला. आम्ही फुंकत राहिलो, म्हणून हे मोठे राहिले.

पाकीट मी त्यांच्या पायाशी ठेवलं. रहमतचाचांनी केव्हाच दुक्कड बांधायला घेतलं होतं. "चलो, भइया," ते हळूच म्हणाले. आम्ही पाहुण्यांमधून चालत पुढच्या दारानं बाहेर पडलो. नवरीकडं मला बघवलं नाही. तिचा काय दोष होता?

सनईशिवाय लग्न लागलं.

त्यानंतर भोसले घाटापर्यंतच्या एकाही मराठी घरातून बोलावणं आलं नाही. टॅक्स कमी झाला नाही. माझ्या पायी रहमतचाचांचंही काम गेलं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आम्ही दुसऱ्या मोहल्ल्यांत वाजवतो. कमी मिळतं. पण आधी ठरतं, चारचौघांसमोर हातात पडतं, मगच सनई ओठाला लागते. मिळतं तेवढंच आम्ही तोंडानं सांगतो.

साहेब, रावसाहेबांच्या दानाचा टॅक्स मी भरणार नाही. पुन्हा जप्ती आणा. भांडी न्या, अंथरूण न्या, हवी तर सनई न्या. तुमच्या खोट्या आकड्यासाठी मी फुंकणार नाही.