पहिल्या रांगेतलं बसकर

फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. इंदूचा पुतण्या बोलत होता. "मावशी, आत्या गेली... पहाटं. झोपेतच." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवून पुन्हा ताटापाशी येऊन बसले, पण खडा कुठला आणि दाणा कुठला हे दिसेना. मग ताट तसंच झाकून ठेवलं आणि शाहूपुरीतून रिक्षा करून तिच्याकडे गेले. त्याला आता पाच आठवडे झाले. मधे तिच्या शाळेत शोकसभा झाली. इंदूबाई म्हणजे शंभर टक्के हजेरी, इंदूबाई म्हणजे शिस्त, असं एकेक जण बोलत होता. मलाही उठवलं. चंदगडपासूनची मैत्रीण म्हणून. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. जे बोलायला हवं होतं ते त्या मांडवात मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दोघी चंदगड तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत होतो. मी गडमुडशिंगीची, शेतकऱ्याच्या घरातली, नुकतं लग्न झालेली. नवरा कोल्हापुरात आणि मी एसटीने पाच तास लांब. इंदू सीमेकडची, घरी आईशी कानडीत बोलणारी, लग्नाचा विषय काढला की "शाळा सुटली की बघू" म्हणणारी. एकाच खोलीत राहायचो. तिथला पाऊस असा की जून ते सप्टेंबर साडी उन्हात वाळलेली आठवत नाही. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायचे, त्यामुळे आम्हा दोघींना कायम धुराचा वास यायचा. मुलं म्हणायची, बाई आल्या ते आधी नाकाला कळतं. मी वर्षभराने सीनियर, म्हणून शाळेचा चार्ज माझ्याकडे होता. सही माझी. पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी तिच्याकडे.

त्या काळात सरकारने मुलं शाळेत टिकावीत म्हणून तांदूळ सुरू केला होता. महिन्याला मुलामागे तीन किलो, अट एवढीच की महिन्यात ऐंशी टक्के दिवस मूल शाळेत हजर पाहिजे. भाताच्या तालुक्यात तांदूळ वाटायचा म्हणून मी पहिल्यांदा हसले होते. पण दुसऱ्याच्या शेतात रोप लावणाऱ्यांच्या घरात तांदूळ नसतो, हे मला इंदूने एकेका घरी नेऊन दाखवलं. मूल आलं नाही की संध्याकाळी पावसासाठी पानांचं इरलं डोक्यावर घेऊन ती त्याच्या दारात उभी. वर्गात मुलं घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यांवर बसायची. त्या बसकरांबाबत इंदूचा एक नियम होता. गैरहजर मुलाचं बसकर त्याच्या जागेवर अंथरायचं आणि त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. हजेरीत नाव पुकारलं की शेजारचं मूल सांगायचं, "बाई, ती रोपाला गेल्या," किंवा "त्येला ताप हाय." सांगून झालं की सगळा वर्ग म्हणायचा, "येणार हाय!" मला हे नाटकी वाटायचं आणि मी तिची टिंगल करायचे. पण मुलं यायची, हे खरं.

चौथीत रत्ना नावाची मुलगी होती. पहिल्या रांगेत, दाराकडची. बाप नव्हता, आई मजुरीला जायची आणि लहान भाऊ रत्नाच्या कमरेवर. पाढे म्हणताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलायची, भाऊ कडेवर नसला तरी. त्या वर्षी लावणीच्या दिवसांत ती महिनाभरात जेमतेम दहा दिवस आली. महिन्याअखेर तांदळाची यादी करायची होती. इंदू हजेरीपट उघडून बसली होती, पेन हातात, पुढे सरकेना. मीच म्हणाले, "लाव की हजर. कोण बघतंय हितं? लेकराच्या तोंडचा घास काढून काय मिळणार हाय तुला?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि हजर लावली. पुढच्या महिन्यातही लावली. दोन्ही वेळा खाली सही माझी होती. आपण पुण्याचं काम केलं असंच मला वाटलं, आणि त्या रात्री मी छान झोपले, हेही सांगून टाकते.

गणपतीनंतर रत्नाची आई शाळेत आली. हातात केळीच्या पानात बांधलेली भाजी. इंदूच्या पाया पडायला लागली. "बाई, लई उपकार झालं बघा. तांदूळ काय चुकला न्हाई. म्हणून तर पोरीला भनीकडं धाडता आलं. तिकडं कर्नाटकात हाय ती, भनीचं पोरगं संभाळती. हितं नसली तरी तुमी घालताय न्हवं हजेरी..." त्या बाईच्या मनात काडीचं कपट नव्हतं. मुलगी शाळेत नसली तरी तांदूळ येतो, तर मग मुलगी शाळेत कशाला, एवढा सरळ हिशेब. पोरीला शाळेत धरून ठेवायला आलेल्या तांदळानेच तिला गावाबाहेर जायची वाट मोकळी करून दिली होती, आणि ती वाट आम्ही काढून दिली होती. इंदूने भाजी घेतली. संध्याकाळी ती भाजी तिने केली, मला वाढली आणि स्वतः जेवली नाही.

दिवाळीनंतर शाळाबाह्य मुलांची यादी मागवली गेली. जी मुलं शाळेत यायची बंद झाली त्यांची नावं द्यायची, म्हणजे त्यांना शोधून परत आणता येईल. इंदू म्हणाली, "पैलं नाव रत्नाचं लिही." मी म्हणाले, "वेडी हायस व्हय? रत्नाचं नाव गेलं की साहेब येणार. मागचा हजेरीपट बघणार. खोटी हजेरी निघाली तर दोघी घरी बसू." ती म्हणाली, "बसू की." तिला बसता आलं असतं. मला बसायचं नव्हतं... माझी बदली कोल्हापूरला व्हायची होती, नवऱ्याने खोली बघून ठेवली होती. मी यादीत रत्नाचं नाव घातलं नाही, हजेरीपटात तिच्यापुढे 'परगावी गेली' असं लिहिलं, सही केली आणि यादीचा कागद पाठवून दिला. परगावी गेलेल्या मुलीला कुणी शोधत नाही. नाव यादीत असतं तर सीमेपलीकडे कुणी गेलं असतं का, हे मला माहीत नाही. पण नाव नव्हतं म्हणून कुणी गेलं नाही, हे मात्र नक्की. इंदू त्यावर एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त वर्ष संपलं तेव्हा रत्नाचं बसकर तिने धुतलं, चुलीवर वाळवलं आणि आपल्या ट्रंकेत ठेवलं.

पुढे आमच्या दोघींच्याही बदल्या झाल्या. ती योगायोगाने माझ्याच माहेरी, गडमुडशिंगीजवळच्या शाळेत आली. तांदूळ जाऊन खिचडी आली, मुलींना एसटीचे मोफत पास मिळू लागले, आणि इंदू तशीच राहिली. एका दिवसाची खोटी हजेरी नाही म्हणजे नाही. लोकांना ती खडूस वाटायची. एकदा माझ्यासमोर एक बाप चिडून म्हणाला, "बाई, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय व्हय?" ती म्हणाली, "व्हय, कोसळतंय." आणि संध्याकाळी त्याच्याच दारात जाऊन बसली, मुलगी का आली नाही ते विचारत. लोक याला शिस्त म्हणायचे. मी गप्प बसायचे. वर्गात पहिल्या रांगेत दाराकडे एक जुनं बसकर अंथरलेलं असायचं. बाकी मुलं आता सतरंजीवर बसायची. नव्या मुलांना वाटायचं, ती बाईंची पिशवी ठेवायची जागा.

गेल्या श्रावणात ती आजारी पडली आणि उठलीच नाही. शेवटची भेट दवाखान्यात झाली. खिडकीकडे बघत ती अचानक म्हणाली, "त्या दिवाळीला मी घरी न्हवते गेले, माहिताय? रत्नाकडं गेलतो." बायकांनीही पुरुषांसारखं बोलायची कोल्हापूरकडची सवय तिला शेवटपर्यंत होती, मधेच 'गेलतो' म्हणायची. ती एकटी दोन एसट्या बदलून त्या कानडी गावात गेली होती. रत्ना कडेवर पोर घेऊन दारात उभी होती. मावशी पाठवायला तयार झाली नाही. "निघताना फाटकापतूर आली. म्हणाली, बाई, माजी जागा हाय काय अजून? मी म्हटलं, हाय की. तू ये, तुझी जागा हाय..." मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?" इंदू म्हणाली, "तू नको म्हणाली असतीस की." रागाने नाही. साधंच म्हणाली. ती यादी मी लिहिली तेव्हा रत्नाला दिलेलं ते उत्तर तिच्या पोटात होतं. त्या क्षणी तिचा हात धरून, चूक माझी होती गं, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "मोसंबी सोलू का?"

माझी मुलगी पुण्याला, नवरा जाऊन सात वर्षं झाली, आणि दिवसातून एकदा फोन करून "जेवलीस काय?" विचारणारी इंदू होती, ती गेली. आता जे म्हणायचं ते म्हणायला माणूसच उरलं नाही. म्हणून जी यादी मी तेव्हा चुकीची पाठवली ती इथे दुरुस्त करते. रत्ना. इयत्ता चौथी. पहिली रांग, दाराकडे. शाळाबाह्य. इंदूबाईंच्या नव्हे, माझ्या सहीने.

परवा पुतण्या तिची ट्रंक माझ्याकडे ठेवून गेला. तळाशी ते बसकर होतं, वर्गातून घरी आणून घडी घातलेलं. अजून धुराचा वास येतो त्याला. मी ते पुढच्या खोलीत, दाराच्या बाजूला अंथरलं आहे. घरात मी एकटीच असते, तरी जाता-येता त्याला वळसा घालून जाते.