वाघमारे साहेब आणि न शिवलेला प्रोग्रॅम

वाघमारे साहेब कीबोर्डवर हुकूम टाइप करायचे, एंटर दाबायचे आणि लगेच दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. काळ्या पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत कीबोर्डला बोट लावायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. मी एकदा घाईनं दुसरी कळ दाबायला गेले तेव्हा म्हणाले, "जाधवबाई, आपण विचारलंय ना? मग त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. मधी तोंड घालणं बरं न्हाय."

धाराशिवजवळच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, एसी बसवला आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. अख्ख्या कारखान्यात एसी तेवढाच. त्यामुळं उन्हाळ्यात भर दुपारी संचालक मंडळींना कॉम्प्युटरची प्रगती पाहण्याची फार ओढ लागायची. साहेब त्यांना खुर्च्या द्यायचे, स्वतः उभ्यानंच काम करायचे आणि कुणी घोरू लागलं तर प्रिंटर सुरू करायचे.

मी तेव्हा शेतकी विभागात टायपिस्ट होते. साहेबांना मदतीला माणूस हवं होतं. त्यांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, "इंग्रजी किती येतं?"

"वाचता येतं, बोलता येत नाही," मी म्हणाले.

"बास झालं. त्यालाबी बोलता येत न्हाय."

ते मूळचे उमरग्याचे. घर बौद्ध, वडील एसटीत ड्रायव्हर. औरंगाबादला शिकून काही वर्षं त्यांनी हैदराबादेत नोकरी केली होती. त्यामुळं बोलण्यात 'जरा सबूर', 'फिजूल', 'बराबर' असे शब्द सहज यायचे. बुद्धपौर्णिमेला ते खिरीचा मोठा डबा घेऊन यायचे आणि एसीच्या खोलीत खायला बंदी असल्यामुळं आम्ही सगळे जण दाराबाहेर चपलांच्या शेजारी उभे राहून खीर खायचो.

प्रोग्रॅम लिहायची भाषा एका खोक्यातून आली होती. खोक्यात दहा-बारा फ्लॉपी. मला वाटलं होतं, भाषा म्हणजे एकच वस्तू असेल. साहेब म्हणाले, "नांगर घेतला म्हणजे शेती झाली का? कुळव लागतो, पाभर लागते. भाषेसंगं तिची अवजारं येतात." त्या अवजारांना ना चित्रं होती ना बटणं. नाव टाइप करून हाक मारायची, मग ती कामाला लागायची. कंपायलर आपलं लिखाण तपासून मशीनच्या बोलीत उतरवायचा. त्याला साहेब फौजदार म्हणायचे. लिंकर असे उतरवलेले तुकडे एकमेकांना जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचा. तो शिंपी. तिसरा डीबगर, तो प्रोग्रॅमला एकेक ओळ चालवून दाखवायचा. त्याला मात्र त्यांनी काही नाव दिलं नव्हतं. म्हणायचे, "त्याच्याकडं जायची पाळी आली म्हणजे आपलं कायतरी चुकलंय. कशाला नाव काढायचं?"

माझा पहिला प्रोग्रॅम फौजदाराकडं दिला तेव्हा पडदा चुकांनी भरून वाहायला लागला. एक पान गेलं, दुसरं गेलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"पह्यली चूक वाचा," साहेब म्हणाले.

"आणि बाकीच्या?"

"त्या वऱ्हाडी. नवरी माघारी गेली की वऱ्हाड थांबतंय कशाला?"

पहिल्या चुकीपाशी पाहिलं तर एक पूर्णविराम द्यायचा राहिला होता. तो दिला आणि सगळं वऱ्हाड निघून गेलं.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. टँकर फिरू लागले, उसाचे शेंडे वाळायला लागले. लागण, म्हणजे उसाची लावणी, ज्याची आधीची, त्याचा ऊस आधी तोडायचा, ही कारखान्याची नेहमीची रीत. संचालक मंडळानं त्या वर्षी ठराव केला की, ज्यांच्या विहिरी आटल्या आहेत त्यांना पहिला मान. साहेबांनी त्याप्रमाणं प्रोग्रॅममध्ये नवा भाग लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीची यादी छापून फलकावर लावली.

दुपारपर्यंत कारखान्याच्या आवारात दोनशे माणूस जमलं. आटलेल्या विहिरीवाले यादीच्या तळाला होते. वर होते ते कॅनॉलच्या कडेचे बागायतदार, आणि त्यांत एका संचालकाचे सख्खे भाऊ. मग काय विचारता. "मशीनच्या आडून सोयऱ्याचा ऊस तोडताव व्हय?" असा आरडाओरडा चालला होता. चेअरमन साहेब आमच्या खोलीत आले. पहिल्यांदाच, चपला न काढता.

"लाईट गेली, मशीन बिघडलं, असं सांगून टाका," ते म्हणाले. "दोन दिवसांत निवतील."

"दोन दिवसांत ऊस वाळंल, साहेब," वाघमारे म्हणाले. "मला आधी बघू द्या."

आणि त्यांनी जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. आत एकट्यानं बघायचं सोडून ते दारात गेले आणि गर्दीतल्या सगळ्यात पुढच्या बाईला म्हणाले, "मावशी, चपला काढून आत या. तुमच्याच नावावर बघू."

ती गंगूमावशी. नवरा वारलेला, अडीच एकर ऊस, विहीर संक्रांतीलाच आटलेली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती पडद्यासमोर बसली. साहेबांनी डीबगरला हाक मारली, मावशीचं नाव घातलं आणि एकेक कळ दाबत प्रोग्रॅम चालवू लागले. चेअरमन मागे उभे.

"हे बघा, आता तुमचं नाव वाचलं."

"व्हय."

"आता लागण कधीची ते बघतंय."

"नागपंचमीची हाय."

"बराबर. आता विहिरीचं विचारंल."

त्यांनी कळ दाबली. पडद्यावरची ओळ सरकली आणि पुढच्या शेतकऱ्याचं नाव आलं.

मावशी पडद्याकडं वाकली. मग म्हणाली, "माझ्या हिरीचं तर इचारलंच न्हाय."

साहेबांचे हात पाठीमागे गेले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"न्हाय विचारलं," ते म्हणाले. "काल म्या तो भाग लिहिला. फौजदारानं पास केला. पण शिंप्याकडं द्यायचा राहिला. आज चाललाय तो जुनाच, लागणीच्या तारखेचा प्रोग्रॅम. मावशी, कापड कापलं आणि शिवलंच न्हाय."

चेअरमन हलक्या आवाजात म्हणाले, "हे आतल्या आत राहू द्या. बाहेर मशीनचंच नाव सांगा."

"मावशीनं बघितलंय की, साहेब," वाघमारे म्हणाले आणि बाहेर गेले.

पायरीवर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. संचालकांनी काही केलेलं नाही, मशीनला सांगितलं तेवढंच त्यानं केलं, चूक माझी. घराण्याच्या आणि गावच्या नावानं एक-दोन वाईट शब्द त्या गर्दीतून आले, तेही त्यांनी ऐकून घेतले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आता शिवा की मग, लोक खोळंबलेत." लोक हसले आणि ताण सैल झाला. साहेब आत आले, लिंकरला हाक मारली. चहा होईस्तोवर प्रिंटर खरखरू लागला. मावशीच्या शेतात त्याच आठवड्यात कोयता लागला. साहेब मात्र हंगामभर जिथं जातील तिथं लोक विचारायचे, "काय साहेब, शिवलं का?" आणि ते म्हणायचे, "दुहेरी टाका घातलाय."

पुढच्या वर्षी गाळपाला ऊसच नव्हता. खर्च कमी करायचा ठरला आणि कॉम्प्युटर विभागात एकच माणूस ठेवायचं ठरलं. मी टायपिंगला परत जायची तयारी केली होती. तेवढ्यात कळलं की साहेबांनी राजीनामा दिला आणि जागेसाठी माझं नाव सुचवलं. मी तावातावानं त्यांच्याकडं गेले.

"असं कसं केलंत? लोक काय म्हणतील?"

"लोक दोन दिवस म्हणतील," ते शांतपणे म्हणाले. "माझं पोट कुठंबी भरंल, जाधवबाई. तुम्ही टायपिंगला गेलात तर परत कुणी इथं बसवणार न्हाय तुम्हाला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि उमरग्याला आई एकटी हाय. हे कारण लोकांना सांगा."

उमरग्यात हायवेलगत एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. आता ते जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण आली की मला त्या माडीवरची एक दुपार आठवते. कारखान्याच्या कामानं मी तिकडं गेले होते. खालून ट्रक जात होते आणि वर तीन मशीनांभोवती पंधरा-वीस पोरं-पोरी दाटीनं बसली होती. मला जिन्यावर पाहताच साहेब म्हणाले, "उठा सगळे. आमच्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेब आल्यात."

मुलं उठली. खुर्च्यांचा आवाज झाला. मी त्यांना हातानंच बसा म्हटलं. साहेबांनी एका मुलीला चहा सांगायला पाठवलं आणि आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली.