विहिरीतला आमचा वाटा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच. कुणाच्या हाती हे लागलंच तर माफ करावं.

आमचं गाव सीमाभागात, कंग्राळीच्या पलीकडं. गल्लीची एक जुनी विहीर आहे. तिचा गाळ काढायला घरटी पाचशे रुपये काढले, पाट्या आम्ही बायकांनी वाहिल्या. ज्याचा वाटा, त्याचं पाणी, असं ठरलं. पाणी समितीत दोन बायका हव्या होत्या. त्यात मला घेतलं, कारण मी बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक. अध्यक्ष माझे चुलत सासरे, आप्पा. ठराव कन्नडात असायचा, मला वाचता न येणारा. आप्पा बोट ठेवतील तिथं मी मराठीत सही करायची.

मग शेजारच्या शेतात घरांचे प्लॉट पाडून लेआउट पडलं. तिथल्या बांधकामाचे टँकर आमच्या विहिरीवर भरू लागले. उन्हाळ्यात आमच्या कळशीत गढूळ पाणी. शेजारची आक्का म्हणाली, "व्हय गं, समितीत कशाला बसतीस? चहा प्यायला?"

ते मला लागलं. पुढच्या बैठकीत मी पदर घट्ट धरून उभी राहिले. टँकर बंद करा, एवढंच घोकून गेले होते. सगळे वळून बघायला लागल्यावर तोंडातून भलतंच निघालं, "पाणी मिळत न्हाय तर आमचे पैसे तरी परत द्या."

आप्पा हसले. "बघा, सूनबाई बोलली! लिहून घ्या रं, तिच्याच शब्दांत."

ठराव लिहिला. त्यांनी बोट ठेवलं, मी सही केली. बाहेर आक्कानं पाठीवर थाप मारली, "लई भारी बोललीस!"

महिन्याभरात आप्पा नोटा घेऊन घरोघर फिरले. कुठून आणल्या ते कुणी विचारलं नाही. "वाटा परत. आता विहिरीवर हक्क सांगायचा न्हाय. तुमच्याच बाईनं मागितलंय." आक्कानं नोटा घेतल्या आणि माझ्याकडं बघितलं. मग दार लावून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सगळ्यांत शेवटी ते आमच्या दारात आले.

"घे सूनबाई. पुरे पाचशे. मोजून घे."

मी मोजले. पुरे होते.