होर्यूजीचा शेवटचा ठसा

जेवण अंमळ जडच झालंय. उत्पला समोरच्या लाकडी ठशावरच हाताची उशी करते आणि डोकं टेकते, पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावून. पाच मिनिटांच्या बोलीवर झोपलेलं माणूस पाच मिनिटांत उठल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

नीट झोपही लागत नाही, नुसती गुंगी. त्या गुंगीतही डोक्यात एकच भुंगा: रंग कोणता?

टेबलावर तिच्या वडिलांचं, आबांचं, अपुरं राहिलेलं चित्र आहे. जपानी पद्धतीचं, लाकडी ठशांनी छापलेलं. जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजीचं जुनं बौद्ध मंदिर, पाच छपरांचा लाकडी मनोरा. तरुणपणी आबा ते बघून आले आणि म्हातारपणी कोरायला बसले. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा: एक रेषांचा, एक कौलांचा, एक खांबांच्या विटकरी रंगाचा. सगळे त्यांनी स्वतःच्या हाताने छापले. राहिला हा एकच, गुळगुळीत, त्यात बारीक बारीक खळगे. खळगे म्हणजे बर्फाचे कण, एवढं तिला कळतं. भोवतीच्या सपाटीला रंग लावला की आभाळ उमटेल आणि खळग्यांच्या जागी कागद पांढरा राहील. पण आभाळाचा रंग न सांगताच आबा गेले.

उद्या त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. त्यांच्या विद्यार्थ्यांना या चित्राची एकेक प्रत द्यायची म्हणून तिने सकाळीच आबांनी छापलेले कागद ओलवून ठेवलेत, रंग ठरायच्या आत. आधी कळस, मग पाया. आता आज छापले नाहीत तर कागद वाळून आक्रसतील, आणि चुकीचा रंग लागला तर आबांचं शेवटचं काम लेकीच्या हातून नासेल. दुसरा कागद नाही.

"निळा," ती पुटपुटते. "की राखाडी?"

"चहाचं बघ आधी," आबा म्हणतात.

ते मनोऱ्याच्या पायरीवर बसलेत, अंगात तपकिरी स्वेटर. बर्फ पडतोय, पण गार लागत नाही. आबा गेलेत हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्याचं नवल वाटत नाही. बरं झालं भेटले, एवढंच वाटतं.

"साखर किती घालायला सांगू?"

"घाल म्हणावं मनासारखी. आता कुठली शुगर वाढतेय माझी?"

चहाची टपरी पांडवलेण्याच्या पायथ्याशी आहे. नाशिकच्या त्या डोंगरावर बर्फ साचलाय, आणि टपरीवाला खांद्यावरच्या फडक्याने तो बाकावरून झटकतोय, रोजची धूळ झटकावी तसा.

"आबा, होर्यूजीला आभाळ कोणत्या रंगाचं होतं?"

"बघितलंच कुठे मी आभाळ? पायाखाली बघत होतो. घसरलो असतो तर उचलायला तुझी आजी येणार होती का तिथे?"

"थट्टा नको ना. माझे कागद वाळतायत."

"मग चल की लवकर."

दोघं लेण्याच्या पायऱ्या चढतात. वर दगडात कोरलेले बुद्ध असायला हवेत, पण पायऱ्या संपतात तिथे दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा सुरू होतो, फिनेलच्या वासाचा. आबांना दम लागतो. ते थांबतात.

"हात दे."

ती हात पुढे करते. दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांचा हात हातावर असायचा, तेव्हा पापडाएवढंही वजन लागायचं नाही. आता मात्र ते तिच्या हातावर कोपर रोवतात आणि अंगाचा सगळा भार टाकतात.

"आबा, दुखतंय."

"दुखू दे जरा. हेच जमेना मला शेवटी. रंगाचं काही अडलं नव्हतं, पोरी. अंगात जोरच उरला नव्हता."

"मग मला सांगायचं."

"लाज वाटली."

ती हात तसाच धरून ठेवते. मग मनात आहे ते बोलून टाकते. "घरात भांडायला कुणी उरलं नाही, आबा."

"तुझं तू भांड की," ते म्हणतात, पण कोपर काढत नाहीत. तिलाही वाटतं, दुखलं तरी चालेल, आबांनी असंच टेकून राहावं.

डोळे उघडतात ते उन्हाच्या तिरिपीत. हाताला मुंग्या आल्यात. इतका वेळ डोक्याच्या भाराखाली तो ठशावर दाबून पडला होता. ती हात उचलून बघते. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीवर बारीक बारीक कण उठलेत. तिरप्या उन्हात प्रत्येक कणाला आपली इवलीशी सावली आहे. रंग कसलाही नाही.

ती ठशाकडे बघते, पुन्हा हाताकडे. या ठशाला रंग लावायचाच नव्हता. ओला कागद वरून नुसता दाबायचा, खळग्यांत बसवायचा, म्हणजे बर्फ कागदातूनच वर येतो. आभाळ कोरंच ठेवायचं. आबा रंगासाठी थांबले नव्हते. त्यांच्या कोपरात तेवढं बळ उरलं नव्हतं, आणि हे लेकीला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

तिला रडू येतं, आणि ती ते येऊ देते. मग डोळे पुसून पहिला कागद ठशावर पालथा घालते, खुणा जुळवते, कोपर टेकते आणि उभी राहून सगळा भार त्यावर टाकते. हातावरचे कण अजून उतरलेले नाहीत.