कोडमधला दोष

बीडमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. सायबर सुरक्षेसाठी फुकट राबणारी माणसं. महिन्यातून एकदा एका क्लासच्या खोलीत जमायचं आणि एकमेकांच्या साइट तपासायच्या. मी जायचो चहापुरता. असल्या गटांनी कुणाचं काम सुधारत नाही, हे मी येईल त्याला ऐकवायचो. त्यांचा एकच नियम मला पाठ होता, तोही टिंगल करायला: दुसऱ्याच्या साइटला भोक दिसलं तर आधी त्याला एकट्याला सांगायचं, चारचौघांत नाही.

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची साइट मी बनवली होती. फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, 'फक्त मंडळासाठी'. आपल्याकडं रकाना दिसला की लोक भरतात. सोयऱ्यांपुढं जे बोलायला जीभ रेटत नाही, तेही बापांनी तिथं इमानेइतबारे लिहिलं होतं.

एका सकाळी गटातल्याच केजच्या मुलीचा मेसेज आला. 'सर, माझा फॉर्म बगताना दिसलं. वर पानाच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचा फॉर्म उघडतोय, मंडळाचा रकाना बी दिसतोय. ग्रुपवर टाकलं न्हाई. तुमी आधी नीट करा.' खाली दुरुस्तीच्या तीन ओळीही होत्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोरगी मला शिकवणार! तिनं दाखवलेल्याच वाटेनं आकडे बदलत मी तिच्या फॉर्मवर पोचलो. रकान्यात वडिलांनी लिहिलं होतं, 'मुलीच्या पाठीवर कोड आहे. पाहुण्यांना आम्ही स्वतः सांगू.'

तिचा मेसेज मी गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझ्या कोडमधले दोष काढण्याआधी आपल्या पाठीवरचं कोड बघा.' काय नेमकं जमलंय, म्हणून मी एकटाच हसलो. ग्रुपवरही सात-आठ जण हसले. तलवाड्याचा एकजण हसला नाही. तिचं जमत आलेलं स्थळ त्याच्या चुलतभावाचं होतं.

त्याच दिवशी तिच्या वडिलांना फोन गेला. "लपवून ठिवलं कावून?" एवढं विचारून पाहुण्यांनी फोन ठेवला. सोयरीक मोडली.

मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. भीती वाटली, पोलिसांची. म्हणून तिच्याच तीन ओळी मी जशाच्या तशा साइटवर चढवल्या.

ती पुढच्या बैठकीला येणार नाही, असं सगळेच धरून चालले होते. ती आली. सरळ माझ्यापुढं उभी राहिली.

"टाकल्या का ओळी?"

"टाकल्या."

तिनं विश्वास ठेवला नाही. मोबाइल काढून माझ्यादेखत एकेक आकडा बदलत गेली. बराच वेळ. एकही फॉर्म उघडला नाही.

"बाकीच्या पोरी सुटल्या मग," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारच्या माणसाकडं वळली. "तुमची साइट दावा."