वाळवलेला किनारा

प्रसेनजितच्या हाती आलेली माती कधी ओली राहिली नाही. धाराशिवच्या एका माती परीक्षण केंद्रात त्यानं अठरा वर्षं एकच काम केलं. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती पसरायची, वाळवायची, कुटायची, चाळायची. संध्याकाळी निम्म्या जिल्ह्याची धूळ तोंडावर घेऊन तो बसनं बेंबळीला परतायचा. ते केंद्र बंद पडलं आणि एका कीटक संशोधन केंद्रानं त्याला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं.

इथं माती वेगळ्या कामाची होती. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. ते किड्याच्या तोंडातून नाहीतर ढुंगणातून आत घुसतात आणि त्याला आतून खातात. उसाची मुळं कुरतडणाऱ्या हुमणीवर ते सोडायचे, अशी केंद्राची आशा. ते सापडावेत म्हणून डबीत माती भरायची, तीत मधाच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या दहा मेणअळ्या सोडायच्या आणि कोण मरतंय ते बघायचं. अळ्या पाळायचं काम प्रसेनजितचं. त्यांना तो कोंडा, मध, दुधाची पावडर चारायचा.

त्याची बायको संघप्रिया म्हणायची, "पौर्णिमेला पयलं शील घेता, जीव मारणार न्हाय म्हणून. आन् सोमवारी शंभर."

"म्या कुठं मारतो? म्या निस्ती ओळख करून देतो."

एप्रिलात केंद्रातल्या गायत्री मॅडमनी कोकणातून वाळू आणली. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर, मर्यादवेलीच्या मुळांपाशी खणून भरलेल्या बारा पिशव्या, बर्फाच्या डब्यात. त्यांची पीएचडी या वाळूवर अडली होती. "मी बुधवारी येते, तोवर डब्या भरून अळ्या सोडा," एवढं सांगून त्या रजेवर गेल्या.

ओल्या पिशव्या दिसल्या आणि प्रसेनजितचे हात आपोआप चालले. गच्चीवरच्या पत्र्यावर त्यानं बाराही पिशव्या वेगवेगळ्या पसरल्या. दुपारपर्यंत समुद्राचा खडखडीत भुगा झाला. शिंपले काढून त्यानं वाळू बारीक चाळली, डब्यांत भरली, वर पाणी शिंपडलं आणि अळ्या सोडल्या.

आठवड्यानंतरही अळ्या टुणटुणीत. मॅडम कपाळ धरून बसल्या. "वाळू कोरडी पडली असती तर सगळे सूत्रकृमी मेले, असं म्हटलं असतं. पण आपण तर बर्फात आणली!"

प्रसेनजितला तेव्हा कळलं. जूनमध्ये करार संपत होता. रविवारी तो तेरला गेला, तेरणेच्या काठावरची ओली वाळू रुमालात बांधून आणली आणि सात नंबरच्या डबीत नव्या अळ्यांसकट घातली.

चौथ्या दिवशी दहाच्या दहा अळ्या विटेसारख्या लाल होऊन मेल्या. मॅडमनी पेढे वाटले. "किनाऱ्यावरचा सूत्रकृमी! नवीन जातसुद्धा असेल. प्रसेनजित, लेखात तुमचे आभार मानणार मी."

त्यानं दोन पेढे खाल्ले आणि घरी जाऊन सगळं सांगितलं.

"म्हंजी खोटं न बोलायचं चौथं शील बी गेलं," संघप्रिया बोटं मोजत म्हणाली. "पाचवं, दारूचं, आखाडात जातंयच. आन् नदीची वाळू चोरली, दुसरं बी गेलं."

"रुमालभर तर होती!"

"तहसीलदाराला सांगा. राहिलं तिसरं, परक्या बाईचं. ते मोडायची तुमची ऐपत न्हाय." मग हसू आवरून ती म्हणाली, "त्या बाईला खोट्यावर डिगरी घ्यायला लावू नका. काम गेलं तर बघू."

सकाळी त्यानं सांगून टाकलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

"किती पिशव्या वाळवल्या?"

"बारा बी."

"चाळल्यापण?"

"बारीक चाळणीनं."

"माझं एक वर्ष गेलं, प्रसेनजित. मी हे सगळं वर लिहून देणार आहे."

"लिवा."

मग मॅडमनी सात नंबरच्या डबीवरची चिठ्ठी खरवडून काढली. नवी चिकटवली. तिच्यावर 'तेर' लिहिलं. "नदीच्या कुठल्या अंगाला? किती खोल?"

"अलीकडं. वीतभर. रुईच्या मुळापाशी."

'नमुना गोळा करणारा' या रकान्यात त्यांनी त्याचं नाव लिहिलं. लिहिताना त्या एवढ्या चिडलेल्या होत्या, की कागद फाटला.

जूनमध्ये केंद्राच्या साहेबांनी बोलावलं. "पुन्हा असं होणार नाही ना?"

"ओली माती दिसली की हात चालत्यात, साहेब. ग्यारंटी न्हाय."

करार झाला. त्यात साहेबांनी पेनानं एक ओळ वाढवली होती: मातीस हात लावू नये. फक्त अळ्या पाहाव्यात. प्रसेनजितनं ती दोनदा वाचली, सही केली आणि विचारलं, "मंग झाडलोट कुणी करायची?"