नारळ संपेपर्यंत

माझ्या मिक्सिंगची पहिली परीक्षक भिंतीपलीकडे बसायची, हातात नारळाची वाटी घेऊन.

माझी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जांभ्याची जाड भिंत आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गाणी मिसळायचा डीजेचा कन्सोल मांडून बसते, तेव्हा पलीकडे आई खवणीवर बसलेली असते. त्या भिंतीतून गाण्यातलं बाकी काही जात नाही, फक्त बेस, म्हणजे तळाचा घुमणारा आवाज, तेवढा जातो. म्हणजे दोन वर्षं मी काय वाजवते त्याचा एकही सूर आईने ऐकला नव्हता, आणि बेस मात्र सगळा ऐकला होता. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मी वाजवते ते ड्रम अँड बेस. मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके. ड्रम धावत असतात आणि त्यांच्याखाली बेस निम्म्या चालीने, रमतगमत जातो. ही गंमत मला इतकी आवडते की मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दिवसभर पॅकिंगच्या याद्या तपासतानाही टेबलाखाली माझा पाय चालूच असतो. पण नवी गाणी एकमेकांत मिसळणं म्हणजे डोक्याला ताप. जुन्या गाण्यांना सुरुवातीला मिनिटभर नुसते ड्रम असायचे, मागच्या गाण्याला आरामात निरोप देता यायचा. नव्यांना धीरच नाही. अर्ध्या मिनिटात सगळं अंगावर येतं, आणि प्रत्येक गाणं काठोकाठ भरलेलं. दोन एकत्र आली की एकाच मांडवात दोन नवरदेव. अदलाबदलीला हाताशी वीस-बावीस सेकंद. तेवढ्यात जुन्याचा बेस काढायचा आणि नव्याचा आत घ्यायचा.

मला वाटायचं, मला जमलंय. स्क्रीनवर ठोके एकाखाली एक सरळ दिसत होते, आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते. एकदा पाणी प्यायला आत गेले, तर आई म्हणाली, "मधेमधे काय होतं गो? माझा हात अडखळतो."

"कसला हात?"

"खवणीवरचा. बरा चाललेला असतो. मग दोघं एकदम बोलायला लागतात, नि मला थांबावं लागतं."

मी चिडले. मी पटकन चिडतेच. ज्या मिक्ससाठी महिनाभर डोकेफोड केली, त्याच्यावर नारळ खवता खवता शेरा? फणकाऱ्याने खोलीत येऊन मी तोच मिक्स रेकॉर्ड केला, लावून ठेवला आणि तिच्या शेजारी पाटावर जाऊन बसले. तिथे ड्रम नाहीत, सूर नाहीत, नुसता बेस. आणि नेमक्या त्या जागी दोन्ही गाण्यांचा मिळून चिखल. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त हात थांबवला. मला इतकं हसू फुटलं की तीही हसायला लागली.

तेव्हापासून माझा नेम ठरला. रेकॉर्ड करायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हाताकडे बघायचं. जुन्याचा बेस पुरता बाहेर गेल्याशिवाय नव्याला आत घ्यायचं नाही, मध्ये चार ठोके मोकळे राहिले तर राहू द्यायचे, हे मी तिथे शिकले. त्या दिवसांत आमच्याकडे उपम्यावरसुद्धा खोबऱ्याचा ढीग असायचा.

मग दादाचं लग्न ठरलं. हळदीला अंगणात डीजे येणार होता, नेहमीची हळदीची गाणी घेऊन. मी दादाकडे अर्धा तास मागितला.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "माणसं खाली बसली तर त्याच्याही आधी बंद. आणि मग हा विषय परत काढायचा नाय."

मला एवढंच हवं होतं, की ज्या संगीताने मला वेड लावलंय त्यावर माझी माणसं एकदा तरी नाचावीत. माझं मन राखायला नव्हे, खरोखर.

हळदीच्या दिवशी उन्हं कलताना माझी पाळी आली. कन्सोल स्पीकरच्या मागे होता. तिथे धड काही ऐकू येईना. समोरच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज उशिरा पोचत होता. पहिल्या गाण्याला आत्या, काका, सगळी वाडी हाताची घडी घालून बघत उभी राहिली. मी दुसरं गाणं आत घेतलं. मिक्स जमला की बिघडला, कळायला मार्गच नव्हता.

तेवढ्यात समोर पडवीत नजर गेली. आई आणि शेजारच्या तिघीजणी रात्रीच्या जेवणाचे नारळ खवायला ओळीने बसल्या होत्या. आचाऱ्याने वीस नारळ सांगितले होते. स्पीकरची तोंडं त्यांच्याकडेच होती, आणि चौघींचेही हात थांबलेले. मी जुन्या गाण्याचा बेस झटकन काढला. चारही हात पुन्हा सुरू झाले, बेसच्या चालीने, एका तालात.

मग मी स्क्रीनकडे बघणंच सोडून दिलं. थोड्या वेळाने आत्याने पहिला पाय टाकला, बेसवर, सावकाश. तिला बघून दादाचे मित्र ड्रमवर उड्या मारायला लागले. एकाच गाण्यात ज्याला त्याला आपापली चाल सापडली. एका मिक्समध्ये मी आठ ठोके सगळंच बंद केलं, आणि त्या शांततेत चार खवण्यांची खरखर ऐकू आली, अगदी ठोक्यावर. अंगण ओरडलं, आणि मी बेस सोडला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

वीस मिनिटं झाली तसा हळदीने पिवळाधमक झालेला दादा मनगट दाखवत आला. "झाली तुझी वेळ."

पडवीतून आई म्हणाली, "आमचे नारळ होईस्तोवर वाजू दे तिचं. मधेच बदललंत तर आमचे हात चालायचे नाय."

एव्हाना विसातले दोन-तीनच राहिले असतील, असा माझा अंदाज होता. दादाचाही तोच असावा, कारण तो मान डोलावत आईशेजारच्या नारळांच्या टोपलीत डोकावला. टोपली अजून अख्ख्या नारळांनी शिगोशीग भरलेली होती, आणि आईच्या पाठीमागे पंच्याने झाकलेली आणखी एक होती.